सुटल्यानंतरचे पंधरा दिवस

गर्दच्या व्यसनात जिवाला सर्वांत मोठा धोका केव्हा असतो? बहुतेकांचे उत्तर एकच येईल: व्यसन टिपेला पोचलेले असते तेव्हा. पण माणसे जास्त मरतात ती व्यसन सुटल्यानंतर. तुरुंगातून बाहेर आल्यावर, व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतल्यावर, गावाकडे दोन महिने कोरडे काढून पुन्हा शहरात आल्यावर. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांच्या मृत्यूंचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मरण्याचा त्यांचा धोका त्या राज्यातल्या सर्वसामान्य माणसाच्या १२९ पट निघाला. घरचे लोक ‘सुटला एकदाचा’ म्हणून देवाला नारळ फोडतात, नेमके तेच हे दिवस.

असे का होते, हे कळले की अतिसेवनाचे मृत्यू कसे टाळायचे तेही बरेचसे कळते. आणि आपल्या देशात ही माणसे किती, कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहेत, हे कळायचे असेल तर दिल्लीलगतच्या गाझियाबादमधल्या एका केंद्राकडे वळावे लागते.

मराठी वाचकाला हा विषय नवा नाही. अनिल अवचटांच्या ‘गर्द’ या पुस्तकाने ब्राऊन शुगर घराघरात चर्चेला आणली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्यामागे डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट होते, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांची मदत होती. त्याच सुमारास आपल्या भाषेत ‘गर्दुल्ला’ हा शब्द रुळला. दिल्लीत त्यालाच ‘स्मॅकिया’ म्हणतात. दोन्ही शब्दांत हेटाळणी आहे. ज्याला हा शब्द चिकटतो त्याच्या आजाराची नोंद सहसा कुठेच होत नाही, आणि तो मेला तर मृत्यूच्या कारणाचीही होत नाही.

आधी शरीराचे पाहू. अफू, अफूपासून निघणारे मॉर्फिन, मॉर्फिनवर प्रक्रिया करून होणारे हेरॉइन, हेरॉइनचे अशुद्ध रूप म्हणजे गर्द किंवा स्मॅक, आणि कारखान्यात तयार होणारी ट्रामाडॉल, बुप्रेनॉर्फिन, फेंटानिल यांसारखी औषधे, या सगळ्यांचे कूळ एक. त्याला ओपिऑइड म्हणतात. आपल्या मेंदूत काही ग्राहके असतात. शरीर स्वतःच बनवत असलेली वेदनाशामक द्रव्ये तिथे बसतात. ओपिऑइड त्याच जागी जाऊन बसते. वेदना विझतात, मनाला ऊब मिळते. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णाला मॉर्फिन हे वरदान असते ते याच गुणामुळे. पण मेंदूच्या देठाशी, जिथून श्वासाचे नियमन होते तिथेही हीच ग्राहके असतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की ‘श्वास घे’ असा हुकूम तिथून सुटतो. ओपिऑइडची मात्रा जास्त झाली की हा हुकूम मंदावतो. श्वास विरळ होतो, घोरल्यासारखा घरघर आवाज येतो, ओठ आणि नखे निळसर पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. माणूस तडफडत नाही. झोपेतच जातो. शेजारी बसलेल्यालाही तो गाढ झोपलाय असेच वाटते.

रोज घेणाऱ्याचे शरीर या पदार्थाला सरावत जाते. आज जेवढ्याने नशा येते तेवढ्याने सहा महिन्यांनी येत नाही, म्हणून मात्रा वाढते. मग काही कारणाने पदार्थ तुटतो. दोन-चार दिवस ‘टर्की’ लागते: हाडे ठणकतात, नाक-डोळे गळतात, जुलाब होतात, झोप उडते. ते सोसून माणूस बाहेर येतो. शरीराचा सराव आता उतरलेला असतो, पण ओढ शिल्लक असते आणि हाताला जुनीच पुडी आठवत असते. तो पूर्वीइतकीच मात्रा घेतो. जी मात्रा दोन महिन्यांपूर्वी त्याला धड पुरतही नव्हती, तीच आता श्वास थांबवते.

दिल्लीत या धोक्याला आणखी एक पदर आहे. काश्मिरी गेटजवळ, यमुना बाजारच्या हनुमान मंदिराच्या आणि निगमबोध घाटाच्या परिसरात सुईने नशा करणारी बेघर माणसे वर्षानुवर्षे दिसत आली आहेत. या शहरात सुईतून जाते ते बहुतेक वेळा औषधांचे मिश्रण असते: बुप्रेनॉर्फिन, त्यात ॲलर्जीवरचे ॲविल आणि झोपेचे डायझेपाम. शुद्ध हेरॉइन महाग, ही इंजेक्शने स्वस्त. एकटे बुप्रेनॉर्फिन श्वासाच्या बाबतीत तुलनेने सुरक्षित आहे. पण गुंगी आणणारी दोन औषधे त्याच्या सोबतीला आली की ती सुरक्षितता राहत नाही. दारूचेही तसेच. अतिसेवनाने होणाऱ्या बऱ्याच मृत्यूंत दोन-तीन पदार्थ मिळून घात करतात.

आता गाझियाबादकडे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने, म्हणजे एम्सने, व्यसनोपचाराचा विभाग १९८८ मध्ये हरिनगरच्या दीनदयाळ उपाध्याय रुग्णालयात सुरू केला. २००३ मध्ये तो गाझियाबादच्या कमला नेहरू नगरात स्वतःच्या इमारतीत गेला. राष्ट्रीय अमली पदार्थ अवलंबित्व उपचार केंद्र हे त्याचे नाव. खाटा ५०, पण केंद्राचे काम त्या खाटांपुरते राहिले नाही. इथल्या डॉक्टरांनी पूर्व दिल्लीतल्या त्रिलोकपुरीसारख्या वस्त्यांत दवाखाने चालवले. बुप्रेनॉर्फिनचा उपचार नव्वदच्या दशकात आणि मेथाडोनचा २०१२ मध्ये भारतात रुजवण्यात या केंद्राचा वाटा मोठा आहे. इथलेच प्राध्यापक डॉ. अतुल आंबेकर यांनी एक वेगळे काम अंगावर घेतले. व्यसनी माणसे मोजण्याचे.

हे काम वाटते तितके सोपे नाही. घरोघर जाऊन ‘तुम्ही स्मॅक ओढता का?’ असे विचारले तर किती जण हो म्हणतील? आणि जो फुटपाथवर झोपतो त्याच्या घराचा दरवाजा कुठे आहे? सामाजिक न्याय मंत्रालयाच्या वतीने या केंद्राने देशव्यापी पाहणी केली, तिचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. पाहणीचे दोन भाग होते. पहिल्यात १८६ जिल्ह्यांतल्या २,००,१११ घरांत जाऊन १० ते ७५ वयाच्या ४,७३,५६९ लोकांशी बोलणे झाले. दारू, भांग यांचा अंदाज यातून नीट येतो. हेरॉइनचा येत नाही.

त्यासाठी दुसरा भाग. १३५ जिल्ह्यांत थोड्या व्यसनी माणसांपासून सुरुवात केली. मुलाखत झाली की प्रत्येकाला काही कूपने द्यायची. ती त्याने आपल्या ओळखीच्या, आपल्यासारख्याच माणसांना द्यायची. कूपन घेऊन आलेला पुढची कूपने नेतो. अशी साखळी ७२,६४२ माणसांपर्यंत गेली. जिथे सरकारी कारकून पोचू शकत नाही तिथे व्यसनी माणूस दुसऱ्या व्यसनी माणसाला घेऊन येतो.

मग गुणाकार. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका जिल्ह्यातल्या उपचार केंद्रांच्या वहीत वर्षभरात ५०० रुग्णांची नोंद आहे. त्याच जिल्ह्यात साखळीतून आलेल्या माणसांपैकी शंभरात पाच जण म्हणतात की गेल्या वर्षी आम्ही त्या केंद्रात उपचार घेतले. याचा अर्थ ते ५०० म्हणजे एकूण संख्येच्या ५ टक्के. एकूण संख्या झाली १०,०००. तळ्यातले मासे मोजताना काही पकडून खूण करून सोडतात आणि पुन्हा जाळे टाकतात, त्याच जातीचा हा हिशेब.

या हिशेबातून जे निघाले त्याने धोरणकर्त्यांना हलवले. देशात ओपिऑइड घेणारे लोकसंख्येच्या २.०६ टक्के, म्हणजे सुमारे २.२६ कोटी. जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. त्यांतल्या सुमारे ७७ लाखांचे सेवन आजाराच्या पातळीला पोचलेले. यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांचा भार मोजक्या राज्यांवर आहे, आणि त्या यादीत उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा, दिल्ली यांच्याबरोबर महाराष्ट्रही आहे. सुईने नशा करणारे देशभरात सुमारे ८.५ लाख. त्यांतले सुमारे ८८ हजार पंजाबात आणि ८६ हजार एकट्या दिल्लीत. पंजाबची चर्चा सिनेमापासून निवडणुकीपर्यंत सगळीकडे झाली. दिल्लीची तेवढी झाली नाही.

याच केंद्राच्या डॉ. रजत रे यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आधीच्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २००४ मध्ये आला होता. तेव्हा पाहणी फक्त पुरुषांची झाली होती, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून सरळ तुलना करता येत नाही. पण एक बदल ठळक आहे. तेव्हा अफू हेरॉइनच्या पुढे होती. २०१९ च्या अहवालात हेरॉइन १.१४ टक्के, औषधी ओपिऑइड ०.९६ टक्के आणि अफू ०.५२ टक्के. ओसरीवर म्हाताऱ्यांच्या पंगतीत फिरणारी अफू मागे पडली. तिची जागा जास्त तीव्र, जास्त घातक पदार्थांनी घेतली. या पाहणीच्या आधाराने सरकारने २०२० मध्ये २७२ जिल्हे निवडून नशामुक्त भारत अभियान सुरू केले.

त्याआधी २०१५ मध्ये आंबेकरांनी पंजाबात अशीच पाहणी केली होती. तिथे ओपिऑइडवर अवलंबून असलेले सुमारे २.३२ लाख लोक निघाले. त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे. ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी सोडण्याचा प्रयत्न केला होता. काहीतरी मदत मिळाली होती ती सुमारे ३५ टक्क्यांना. ‘यांना सोडायचेच नसते’ हा आपला लाडका समज या दोन आकड्यांपुढे टिकत नाही. बाकीच्यांनी ज्याच्या-त्याच्या बळावर सोडले आणि पुन्हा धरले. प्रत्येक सोडण्याबरोबर सराव उतरला, आणि प्रत्येक धरण्यात सुरुवातीला सांगितलेला धोका होता.

म्हणून या क्षेत्रातले डॉक्टर अतिसेवन रोखण्याची पहिली पायरी म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या औषधोपचाराकडे पाहतात. रुग्णाला रोज ठरावीक मात्रेत बुप्रेनॉर्फिन जिभेखाली किंवा मेथाडोन तोंडावाटे दिले जाते. बुप्रेनॉर्फिन मेंदूतल्या ग्राहकाच्या कुलपात घट्ट बसते, पण किल्ली अर्धीच फिरते. टर्की थांबते, ओढ शमते, झिंग मात्र येत नाही. वरून हेरॉइन घेतले तरी कुलूप आधीच अडलेले असते. शरीराचा सराव टिकून राहतो, म्हणून एखाद्या दिवशी पाय घसरला तरी तो घसरणे जिवावर बेतण्याची शक्यता कमी होते. २०१७ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचे एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झाले. मेथाडोनच्या उपचारात असताना दर हजारी वर्षाला ११ मृत्यू, उपचार सुटल्यावर ३६. तिप्पट. आणि उपचार थांबल्यानंतरचे पहिले चार आठवडे सर्वांत वाईट.

एक प्रश्न उरतोच: रस्त्यावर सुईतून जाणारे बुप्रेनॉर्फिन आणि दवाखान्यातले बुप्रेनॉर्फिन एकच ना? रसायन एकच, देण्याची रीत वेगळी. एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या केंद्रांत गोळी नर्सच्या देखत जिभेखाली विरघळवावी लागते. काही ठिकाणी गोळीत नॅलॉक्सोनही मिसळलेले असते. जिभेखाली ते जवळपास निष्क्रिय राहते, पण कोणी गोळी विरघळवून सुईत भरली तर तेच टर्की आणते. २०२० च्या टाळेबंदीत रुग्णांना रोज केंद्रात येणे अशक्य झाले, तेव्हा काही दिवसांच्या गोळ्या घरी देण्याची मुभा मिळाली.

‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ हा या उपचारावरचा जुना आक्षेप. आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. मुक्तांगणसारख्या संस्थांनी औषधाशिवाय उभी राहिलेली हजारो माणसे दाखवली आहेत, आणि दारूच्या बाबतीत तो मार्ग अनेकांना पुरतो. पण ओपिऑइडमध्ये काही आठवडे कोंडून, टर्की काढून, ‘बरा झाला’ म्हणून घरी पाठवणे, आणि पुढे काहीच न करणे, हा उपचार अर्धवट राहतो. अर्धवट उपचारातला माणूस न उपचारलेल्या माणसापेक्षा मृत्यूच्या जास्त जवळ असू शकतो. नशामुक्तीची घोषणा देताना ही गोष्ट विसरली जाते.

सुईमागे आणखी एक संकट चालत येते. एकच सुई चार जणांत फिरली की एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी फिरतात. २०१७ च्या सरकारी आकड्यांनुसार देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ०.२२ टक्के होते, सुईने नशा करणाऱ्यांत ते सहा टक्क्यांच्या वर होते. दिल्लीत शरणसारख्या संस्थांनी सुया बदलून देण्याचे आणि बुप्रेनॉर्फिनचे काम नव्वदच्या दशकातच सुरू केले, त्यामागे हे कारण होते. सुई बदलायला रोज येणारा माणूस रोज कोणाच्या तरी नजरेला पडतो. अतिसेवन रोखण्यात या नजरेचे मोल फार आहे.

दुसरी पायरी म्हणजे नॅलॉक्सोन. १९६१ मध्ये त्याचे पेटंट नोंदले गेले, १९७१ मध्ये अमेरिकेत ते मान्य झाले. ते ओपिऑइडला ग्राहकावरून ढकलून स्वतः तिथे बसते आणि काहीच करत नाही. दोन-तीन मिनिटांत श्वास परततो. ज्याच्या अंगात ओपिऑइड नाही त्याला दिले तर काही होत नाही, नशा तर मुळीच होत नाही. एक मर्यादा आहे. त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, ओपिऑइडचा टिकून राहू शकतो. म्हणून शुद्धीवर आलेल्याला एकटे सोडायचे नसते. शिवाय बुप्रेनॉर्फिन ग्राहकाला घट्ट धरून बसत असल्यामुळे तिथे जास्त मात्रा लागू शकते.

शिकागोतल्या कार्यकर्त्यांनी १९९६ पासून हे औषध थेट व्यसनी माणसांच्या हाती द्यायला सुरुवात केली. विचार साधा होता: अतिसेवन होते तेव्हा जवळ डॉक्टर नसतो, दुसरा व्यसनी असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये हीच शिफारस केली: अतिसेवन पाहण्याची वेळ ज्यांच्यावर येऊ शकते, अशा सर्वांच्या हाती नॅलॉक्सोन आणि ते देण्याचे शिक्षण असावे. अमेरिकेत २०२३ मध्ये नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. तिथे फेंटानिलच्या लाटेत २०२१ मध्ये अतिसेवनाचे मृत्यू एक लाखावर गेले होते, २०२४ मध्ये ते सुमारे ८० हजारांवर उतरले. त्याचे श्रेय एकट्या नॅलॉक्सोनचे नाही, पण वाटा आहे. आपल्याकडे हे औषध आजही मुख्यतः रुग्णालयातल्या इंजेक्शनच्या रूपात असते. श्वास थांबल्यावर मेंदू काही मिनिटेच तग धरतो. यमुनेच्या काठावरून रुग्णालय गाठायला त्याहून जास्त वेळ लागतो.

आपल्याकडे अतिसेवनाने मरतात तरी किती? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात सगळ्या अमली पदार्थांचे मिळून देशभरात ६८१ मृत्यू आहेत. ७७ लाख आजारी माणसांच्या देशात ६८१. हा हिशेब अकरा हजारांत एकापेक्षाही कमी पडतो. पुलाखाली सापडलेला बेवारस देह, बदनामीच्या भीतीने घाईत उरकलेले अंत्यसंस्कार, ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढेच लिहिलेला दाखला, यांच्या आड खरे कारण सहज हरवते. जिवंत व्यसनी माणसांची मोजदाद गाझियाबादने केली. मेलेल्यांची अजून व्हायची आहे.

आणि कायदा? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम २७ हेरॉइनच्या सेवनाला एक वर्षापर्यंत शिक्षा सांगते. त्याच कायद्याचे कलम ६४अ स्वतःहून उपचाराला तयार होणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून सूट देते. पण सोबत्याचा श्वास थांबल्यावर फोन करणाऱ्याला संरक्षण देणारे कलम त्यात नाही. रस्त्यावरच्या अपघातात जखमीला उचलणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने असे संरक्षण मिळाले आहे. पोलिसांच्या भीतीने सोबती पळून जातो आणि जो वाचू शकला असता तो मरतो. एका कलमाने बदलू शकेल अशी ही गोष्ट आहे.

तोवर आपल्या हातात जे आहे ते सांगतो. निळे ओठ, घरघर आणि हलवूनही न उठणारा माणूस दिसला तर ११२ किंवा १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. श्वास थांबला असेल तर हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या, आणि मदत येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा. थंड पाणी ओतणे, दूध पाजणे, मिठाच्या पाण्याची सुई टोचणे, चालवत नेणे यांत फक्त वेळ जातो. घरात कोणी ओपिऑइडच्या व्यसनातून नुकते बाहेर आले असेल तर पहिले काही आठवडे त्याला एकटे पडू देऊ नका, आणि डॉक्टरांना पुढच्या औषधाबद्दल विचारा. पुन्हा घेतले असे कळले तर ओरडण्याआधी तो श्वास घेतोय ना ते पाहा. सरकारची मोफत मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे. हा आकडा फोनमध्ये आजच नोंदवून ठेवा.